भिंत की डबा

अ‍ॅम्प्लिफायरची पिन थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालावी की पॉवर कंडिशनरमध्ये, यावर ऑडिओफाइल मंडळी ज्या आवेशाने भांडतात, तो आवेश मी एरवी फक्त घराण्यांच्या वादात पाहिला आहे. भिंतवाल्यांचं म्हणणं असं : अ‍ॅम्प्लिफायर वीज संथपणे पीत नाही, घोट घेतो. आत ट्रान्सफॉर्मर, मग डायोड, मग मोठे कपॅसिटर. विजेची लाट टोकाला पोचली की तेवढ्या क्षणापुरते हे कपॅसिटर भरतात, सेकंदाला १०० वेळा. तबल्यावर जोरकस थाप पडली की घोट मोठा होतो. वाटेत कंडिशनरची कॉइल असली तर ती त्याला अडवते आणि थापेतला दम जातो.

युक्तिवाद खोटा नाही. हिशेब मात्र फारसं कुणी करत नाही. आमच्या घरचा अ‍ॅम्प्लिफायर दर चॅनेलला ५० वॅटचा. ख्याल ऐकताना स्पीकरपर्यंत सरासरी एक-दोन वॅट जातात. तेवढ्याने बऱ्यापैकी बांधलेल्या कंडिशनरला धाप लागत नाही. लग्नाचा हॉल दणाणून सोडायचा असेल तर गोष्ट वेगळी.

'आमचं घर' म्हणजे कुडाळजवळचं आई-बाबांचं; मी पुण्यात असतो. बाबा ७८ वर्षांचे. पायरीवरून पडल्यापासून त्यांचं मैफिलींना जाणं थांबलं, तेव्हापासून संध्याकाळचे सात ते साडेआठ हा दिवसाचा कणा झाला आहे. अ‍ॅम्प्लिफायर जळला तर दुसरा आणता येईल. पण याची बटणं त्यांच्या बोटांना पाठ आहेत, दुसऱ्याची डोळ्यांनी शोधावी लागतील, आणि डोळे आता तेवढे राहिलेले नाहीत. त्यामुळे 'आवाज किती खुलतो' हा प्रश्न माझ्या यादीत बराच खाली आहे.

संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज २३०वरून १८०पर्यंत उतरतं. अशा वेळी साध्या अ‍ॅम्प्लिफायरची कमाल ताकद ५० वॅटवरून साधारण ३०वर येते. एक-दोन वॅटवर ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. कंडिशनरचा इथे उपयोग शून्य. १८० आले तर तो १८०च गाळून पुढे देतो. व्होल्टेज उचलतो तो स्टॅबिलायझर. तो लावून पाहिला, तर ऐन विलंबितात त्याचा रिले मनाला येईल तेव्हा 'खट्' करायचा. बाबा म्हणाले, "त्या डब्याला एक तर ताल शिकव, नाहीतर बाहेर बसव." बाहेर बसवला. आता तो फ्रिजची सेवा करतो.

मग वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला तेव्हा तिसऱ्या भोकाची हिरवी तार मागे नुसतीच वळवून ठेवलेली निघाली. अर्थिंग नव्हतंच. जांभ्यात खड्डा खणणं म्हणजे घाम काढणारं काम. पाइप, कोळसा, मीठ घालून तो भरला. उन्हाळ्यात जांभा कोरडा पडतो, म्हणून आई तुळशीबरोबर त्यालाही पाणी घालते.

त्यानंतर भिंतवाल्यांचा सल्लाही करून पाहिला : अ‍ॅम्प्लिफायर एका भिंतीवर थेट, गाणी साठवलेला कॉम्प्युटर समोरच्या भिंतीवर कंडिशनरमधून. लगेच गुणगुण सुरू. दोन यंत्रं दोन वाटांनी अर्थला पोचली की मधल्या ऑडिओ केबलमधूनही थोडा करंट फिरतो आणि ५० हर्ट्झ, त्याची दुप्पट, तिप्पट असं सगळं स्पीकरमध्ये उतरतं. यातला १०० हर्ट्झ फार छळतो. गायक काळी एकमध्ये गात असेल तर तानपुऱ्याच्या पहिल्या तारेचा मंद्र पंचम १०४च्या आसपास येतो. दोन्हींच्या टकरीतून सेकंदाला चारेक हेलकावे उठतात आणि लागलेला तानपुरा न लागलेला वाटायला लागतो. दोन्ही पिना एकाच बोर्डावर आणल्या, गुणगुण गेली. भिंत की कंडिशनर यापेक्षा सगळी यंत्रं एका जागी असणं कितीतरी मोलाचं.

भीती वेगळ्याच गोष्टीची आहे. खांबावर न्यूट्रल तुटला तर घरात २३०च्या जागी ४००च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं, आणि ते येऊन बसतं. कंडिशनरमधले सर्ज शोषणारे तुकडे क्षणभराच्या उसळीसाठी असतात. अशा मुक्कामाला आलेल्या पाहुण्यापुढे ते तापून जळतात. त्यासाठी व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की लाइन तोडणारा वेगळा प्रोटेक्टर मिळतो, महागड्या कंडिशनरच्या तुलनेत अगदीच किरकोळ किमतीचा. तो मेन स्विचजवळ बसवला. अ‍ॅम्प्लिफायर आता भिंतीतच आहे, कॉम्प्युटरही त्याच बोर्डावर.

उरली ती मे महिन्यातली वीज. दुपारनंतर सह्याद्रीकडून काळोख चढत येतो, तेव्हा जवळ पडणाऱ्या विजेवर भरवशाचा एकच इलाज : पिन उपटून ठेवणे, आणि तीही गडगडाट सुरू होण्याआधी. जुना सॉकेट टेबलाखाली होता. बाबांना वाकता येत नाही, आईला गुडघ्यांवर बसता येत नाही. वायरमनला सांगून बोर्ड कमरेच्या उंचीवर घेतला. भिंतीवर चिरल्याची खूण राहिली आहे. रंग दिवाळीला काढू, असं आई म्हणते.