कारीट आणि अक्रोड

मिरजोळे, रत्नागिरी
भाऊबिजेचा दुसरा दिवस

प्रिय बाय,

तुझं सॅन होजेहून आलेलं पत्र दिवाळीच्या तोंडावरच मिळालं, पण फराळाच्या घाईत उत्तर राहिलं. खरं म्हणजे काय लिहावं हेच सुचत नव्हतं. लेक पंधरा वर्षांची झाली, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते, मंडळाच्या गणपतीला तुझ्या आग्रहाखातर साडी नेसली आणि घरी येऊन ती पलंगावर फेकली. वाचताना तुझा आवाज कानात येत होता. तिच्या वर्गातल्या व्हिएतनामी मुलीबद्दल लिहिलंस तेही मनात राहिलं. आजी-आजोबा 1975 मध्ये सायगाव पडल्यावर निघालेले. तेतला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, तिनं त्यांच्यापुढे वाकून लाल पाकीट घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्यातलं काही सांगायचं नाही. दोघी एकमेकींपाशी रडतात, आयांपाशी नाही, असं तू लिहिलंयस. त्या ओळीपाशी मी थांबले.

आता इथलं सांगते. आमच्या गडग्यापलीकडच्या कलमांच्या बागेत नेपाळी कुटुंब राखणीला आहे. तू होतीस तेव्हा असं नव्हतं. आता रत्नागिरीत किती बागा त्यांच्याच भरवशावर आहेत! बेणणी, फवारणी, वानर हाकणं, झेल्यानं आंबा उतरवणं, पेट्या भरणं, सगळं तेच करतात. हे कैलाली जिल्ह्यातले, नेपाळच्या पार पश्चिम टोकाचे. 1950 च्या करारामुळे त्यांना यायला पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही. तुम्हाला ग्रीन कार्डासाठी किती वर्षं काढावी लागली ते आठवतं मला. पण कागद नाही म्हणून सरहद्द नाही असं नाही गं. ती त्यांच्या मांगराच्या उंबऱ्यावरच आहे.

थोरली पोर दहावीत आहे. तीन वर्षांची असताना इथे आली. बोलते तर आपल्या वाडीतल्या पोरींसारखीच, तोच हेल. गौरीला फुगड्या घालते, शिमग्याला पालखीमागे धावते. तिची आमा, म्हणजे आई, मात्र गडग्याशी उभी राहून मला मोडक्या हिंदीत सांगते, ‘आमच्या भाषेत बोलतच नाही ही.’ बाय, तुझंच वाक्य! शब्द न् शब्द.

काल तिनं भावाला टिळा लावला, तेव्हा मला बोलावलं होतं. आपली भाऊबीज आणि त्यांची भाईटीका एकाच तिथीला. आपण ओवाळतो, त्यांच्यात भावाभोवती तेलाची धार फिरवून कडं घालतात, कपाळावर सात रंगांचा उभा टिळा लावतात, गळ्यात मखमली फुलांची माळ. त्याआधी बहीण दारात अक्रोड ठेवते आणि दगडानं फोडते. भावावरचं अरिष्ट फुटलं. मी बघत राहिले. आपण नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचो, आठवतं? तू फोडलेल्या कारीटाची बी माझ्या परकरावर उडाली होती. मी पोरीला ते सांगितलं, तर म्हणाली, ‘काकी, मी दोन्ही फोडते. परवा कारीट, आज अक्रोड.’

आणि मग मी चूक केली. लाडानं विचारलं, ‘तुला कुठलं आपलं वाटतं गं?’ तिच्या तोंडावरचं हसू गेलं. हातातला दगड खाली ठेवला. बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘गावी गेलं की मला इंडियावाली म्हणतात. इथे गुरख्याची पोर. आता तुम्ही पण विचारता.’

रात्रभर झोप नाही लागली मला. दहावीनंतर बाप तिला गावी धाडायचं म्हणतो, तिला इथे कॉलेज करायचंय. ते भांडण खरंच आहे, त्यात मी बोलणारच आहे त्याच्याशी. पण अक्रोड आणि कारीट यांचं भांडण तिच्या मनात नव्हतंच. ते मी लावलं. तुझ्या साडीचंही मला तसंच वाटायला लागलंय. तिला साडी नको होती, की साडी नेसून ‘मी अजून तुमचीच आहे’ हे चारचौघांत दाखवणं नको होतं? रागावू नकोस. तुझ्यावर माया आहे म्हणून लिहिते.

यावरून आठवलं, आपण शाळेतून थिबा पॅलेस बघायला गेलो होतो ना? ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, 1916 मध्ये तो इथेच गेला. तेव्हा आपल्याला तेवढंच शिकवलं. थोरल्या राजकन्येला इथल्या गोपाळ सावंतांपासून मुलगी झाली, टूटू. 1919 मध्ये राजघराण्याला परत जायला मिळालं, पण राजकन्या लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीलाच आली. टूटू तेव्हा तेरा-चौदाची असेल, म्हणजे जवळपास आपल्या या पोरींच्या वयाची. पुढे तिनं इथेच लग्न केलं, गरिबीत संसार केला, मराठी बोलत म्हातारी झाली आणि 2000 मध्ये वारली. आपण कॉलेजात होतो तेव्हा ती याच गावात बाजारहाट करत होती, बाय! राजाची नात म्हणून तिला बघायला लोक जायचे. तिला त्या वयात रंगूनहून परतताना काय वाटलं असेल, हे कुणी मायेनं विचारलं होतं का, तेच मनात घोळतंय.

आज सकाळी पोर आपणहून आली. हातात ताट, त्यावर सेल रोटी, आपल्या कडबोळ्यापेक्षा मोठं तळलेलं तांदळाचं कडं. मी चकल्या दिल्या. कालचं कुणीच काढलं नाही. तुझ्या लेकीचं मी तिला सांगितलंय. तिनं विचारलंय की सॅन होजेमध्ये कारीट मिळतं का, आणि मिळत नसेल तर ती काय फोडते. उत्तर तू देऊ नकोस. लेकीलाच लिहू दे, इंग्रजीत लिहिलं तरी चालेल. इथे वाचणारी आहे.

तुझीच,
मिरजोळ्याची बाय