पद्मिनीचे जतन

ज्या पिढीला मोटारगाडी ही दुकानात जाऊन पसंत करावयाची वस्तू नसून अनामत भरून, अर्जाची पोच जपून आणि वर्षानुवर्षे प्रतीक्षा करून प्राप्त व्हावयाची सनदच होती, त्या पिढीतील माझ्या वडिलांनी कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली प्रीमियर पद्मिनी पुण्यात आमच्या वाड्यासमोर आणून उभी केली, तेव्हा तिच्या रक्षणाचा विचार त्यांनी खरेदीइतक्याच गांभीर्याने केलेला होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इटलीच्या फियाटकडून परवाना घेऊन ही गाडी बांधली आणि १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव दिले. परंतु आमच्या घरात, आणि मला वाटते महाराष्ट्रातील बहुतेक घरांत, ती अखेरपर्यंत 'फियाट'च राहिली. पंतप्रधानपदी असलेल्या लालबहादूर शास्त्रींनी १२,००० रुपयांची फियाट घेण्यासाठी ५,००० रुपयांचे कर्ज काढले आणि त्यांच्या पश्चात ललितादेवींनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले, ही हकीकत वडील सांगत तेव्हा त्यांचा स्वर सद्गदित होई. कारण गाडी ही ऐपतीची नव्हे, सचोटीची वस्तू आहे अशी त्यांची श्रद्धा होती.

त्या गाडीला स्वसंरक्षणाचे सामर्थ्य असे जवळजवळ नव्हतेच. पुढील दारांच्या त्रिकोणी काचेची कडी पातळ पात्याने सरकवता येई, आणि कुलपे झिजली की एकाची किल्ली दुसऱ्याच्या दाराला लागे. आमच्या किल्लीने शेजारच्या डॉक्टरांची गाडी उघडलेली मी स्वतः पाहिली आहे. म्हणून परगावी मुक्काम पडला की वडील बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या दोन क्लिपा सोडवीत आणि आतला रोटर काढून रुमालात गुंडाळून खिशात ठेवीत. कॉइलमधून आलेला उच्च दाबाचा प्रवाह चारही प्लगांना पाळीपाळीने पोचविणारा हा अंगठ्याएवढा तुकडा जागेवर नसेल, तर स्टार्टर कितीही फिरवला तरी १०८९ सीसीचे ते इंजिन पेट घेत नाही. हा रोटर काढण्या-बसवण्याच्या निमित्तानेच मला इंजिनाच्या अंतरंगाचा परिचय झाला: पॉइंट घासून त्यांतील फट पुन्हा साधावी कशी, चोक केव्हा ओढावा, कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकलेला कण फुंकरीने कसा काढावा, हे सारे त्या बॉनेटखाली वाकून उभा असतानाच मी शिकलो.

गाडी माझ्या हाती आली तोवर तिचे उत्पादन थांबले होते, आणि दुरुस्तीचे स्वरूपही पालटले होते. सुटे भाग मिळत, पण ते नाना पेठेतील, अथवा मुंबईत गेलो की कुर्ल्याच्या, जुन्या सामानाच्या ढिगांतून. पावसाळ्यात पायदाणाखालील पत्रा गंजे, मिस्त्री तो कापून नवा तुकडा वेल्ड करी, आणि बंपर, डायनॅमो, दाराची मूठ असे काही हवे असले की 'उद्या आणतो' म्हणे. ते 'उद्या' कोठून येत असे? जुन्या गाडीचा चोर ती फिरवण्यासाठी नेत नाही. तो ती कापण्यासाठी नेतो, आणि कापलेल्या भागांना गिऱ्हाईक मिळते ते माझ्यासारख्या, आपली गाडी जिवापाड जपणाऱ्या माणसांतच. हा विचार एकदा मनात शिरल्यावर मी बिनपावतीचा भाग घेणे सोडले. त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने एका दिव्यावर उभी राहिली, मिस्त्री नाराज झाला. पण दुसऱ्याच्या दारातून उचललेल्या वस्तूने आपले दार सजवणे हा वडिलांच्या गाडीचा अवमान आहे, याविषयी मला आजही तिळमात्र शंका नाही.

पुढे आमचीही गाडी गेली. रोटर माझ्या खिशातच होता. परंतु चोरांनी इंजिन चालू करण्याच्या खटपटीत न पडता दोरखंड बांधून ती ओढतच नेली. फिर्याद झाली, जागेचा पंचनामा झाला, आणि सुदैवाने शहराच्या वेशीवरील एका भंगारच्या आवारात ती सापडली, तेव्हा तिचे दिवे, बॅटरी व पाट्या नाहीशा झाल्या होत्या. मालकी शाबीत झाली ती विम्याच्या वेळी कागदावर पेन्सिल घासून उतरवून घेतलेल्या चासी नंबराच्या छापामुळे. तो छाप मी आर.सी. बुकात जपला होता, आणि जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने तो जपावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुद्देमाल म्हणून ती पोलीस ठाण्याच्या आवारात उभी असताना वळवाच्या सरी सुरू झाल्या. जप्त वाहने ठाण्यांच्या आवारांत सडत ठेवू नयेत, योग्य तो जामीन व हमी घेऊन ती सत्वर परत द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या प्रकरणात बजावले आहे. त्याच निर्णयाचा आधार घेऊन वकिलांनी अर्ज केला, आणि सुपूर्दनाम्यावर सही करून मी गाडी घरी आणली.

आता तिला गिअरचे कुलूप आहे, आसनाखाली बॅटरी तोडणारा खटका आहे, आणि ओढून नेली तरी ठिकाण कळवणारे यंत्र स्वतःच्या निराळ्या बॅटरीवर जागे असते. एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांनाही शासनाने सक्तीची केलेली होलोग्रामची पाटी मी आनंदाने लावून घेतली. दर पाच वर्षांनी फेरनोंदणी आणि पर्यावरण कर यांविषयी कुरकुर करणारे पुष्कळ भेटतात. पण ज्या तपासणीत चासी नंबर पुन्हा पाहिला जातो, ती मला जाचक वाटत नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. मिस्त्रीचा मुलगा आता दुकान पाहतो; माझ्या आग्रहावरून त्याने एक नोंदवही घातली आहे, आणि मोडीत निघालेल्या ज्या गाडीचा भाग तो विकतो तिचा चासी नंबर, मालकाची सही व नोंदणी रद्द झाल्याच्या दाखल्याची नक्कल तीत ठेवतो. येत्या पासिंगपूर्वी मागील दोन्ही दारे बदलावयाची आहेत, आणि असे सारे कागद असलेल्या गाडीच्या शोधात सध्या आम्ही दोघेही आहोत.