मालकीची नोंद

महसूल खात्यातील आमची नोकरी बहुतांशी नामांतरणाची प्रकरणे तपासण्यात गेली. जमीन कोणाची, कोणाकडून आली, मधला वारस कोणी गाळला, हे पाहता पाहता आमची दृष्टीच अशी घडली की पुस्तक हाती आले तरी आधी त्यावरील मालकाचे नाव वाचावे आणि मग ग्रंथकर्त्याचे.

टेरेन्स या रोमन नाटककाराविषयी वाचताना हीच खोड कामी आली. इसवी सनापूर्वी १६६ ते १६० या काळात त्याच्या सहा सुखान्तिका रंगभूमीवर आल्या. तो मूळचा कार्थेजचा, रोममधील टेरेन्टियस ल्युकानस या सरदाराचा गुलाम. धन्याने त्याला शिकवले, मुक्त केले. नाव मात्र धन्याचेच राहिले. ज्याच्या नाटकांच्या मालकीविषयी आम्ही लिहीत आहोत, तो स्वतःच एकेकाळी कोणाच्या तरी मालमत्तेत मोडत होता.

या नाटकांची एक सचित्र लॅटिन हस्तलिखित प्रत १४१० च्या सुमारास पॅरिसमध्ये तयार झाली. तिच्यात शंभरावर चित्रे आहेत. आरंभीच्या चित्रातील गोलाकार प्रेक्षागृहात एका लहानशा मंडपात कॅलिओपियस नावाचा गृहस्थ पोथी वाचतो आहे आणि भोवती मुखवटे घातलेले नट अभिनय करीत आहेत. रोमन नाटक प्रत्यक्षात असे होत नसे. पण मध्ययुगीन पंडितांची समजूत तशी होती आणि चित्रकाराने ती इमानाने रंगवली. आम्हाला तर हे चित्र पाहून कीर्तनकाराचीच आठवण झाली! आतील चित्रांत रोमन पात्रे खुशाल पंधराव्या शतकातील फ्रेंच पोशाखात वावरतात.

प्रत होती फ्रान्सच्या युवराजाची, ग्विएनचा ड्यूक लुई याची. डिसेंबर १४१५ मध्ये तो अठराव्या वर्षी वारला. मग ती त्याच्या आजोबांचे बंधू, बेरीचे ड्यूक ज्याँ यांच्याकडे गेली. हे गृहस्थ पंचाहत्तरीचे. जून १४१६ मध्ये तेही गेले. म्हणजे जेमतेम सहा महिन्यांची मालकी.

त्यांच्यापाशी टेरेन्सची आणखी एक सुंदर प्रत आधीपासून होती. १४०८ च्या नववर्षदिनी मार्तँ गूज या त्यांच्या खजिनदाराने ती भेट दिली होती. ड्यूकना ग्रंथांचा नाद इतका की १४११ च्या नववर्षाला लिंबूर्ग बंधू या चित्रकारांनी त्यांना पुस्तकासारखा रंगवलेला नुसता लाकडी ठोकळा भेट दिला. ही थट्टाही रोबिने देताँप या त्यांच्या कोठीवाल्याने मालमत्तेच्या यादीत रीतसर नोंदवून ठेवली. त्या कारकुनाविषयी आम्हाला फार आदर वाटतो. ड्यूकविषयी तितका वाटत नाही. त्यांच्या अंमलाखालील लांगदॉक प्रांतात करांनी गांजलेले लोक उठले होते, आणि एवढे करूनही ड्यूक कर्ज ठेवूनच गेले. सारावसुली आम्हीही केली आहे, म्हणून त्या सोनेरी पानांकडे पाहताना रयत डोळ्यांपुढून हलत नाही.

आज दोन्ही प्रती फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मालकीच्या आहेत. युवराजाची प्रत आर्सनाल ग्रंथालयात आहे. ते १९३४ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाला जोडले गेले.

हे वाचत असतानाच आमच्या घरची एक वही आम्ही पुन्हा काढली. ‘संगीत सौभद्र’ची ही हस्तलिखित नक्कल गणेशोत्सवातील प्रयोगासाठी केलेली. पहिल्या पानावर आजोबांचे नाव आहे, आणि त्याखाली पात्याने खरवडलेले दुसरे एक नाव. लहानपणापासून ती जागा पाहत आलो, पण कधी वाचली नव्हती. कार्यालयात असा खाडाखोड केलेला कागद आम्ही क्षणभरही चालवून घेतला नसता! पान उन्हात तिरपे धरले तेव्हा आडनाव लागले. ते घराणे आमच्याच पेठेत आहे.

चार दिवस आम्ही गप्प राहिलो. आजोबांनी वही विकत घेतली असेल, बक्षीस मिळाली असेल, अशी त्यांच्या बाजूची वकिली मनात करून पाहिली. पण विकत घेतलेल्या वस्तूवरचे नाव कोणी खरवडत नाही.

अखेर रविवारी वही घेऊन गेलो. त्या घरचे अण्णा आमच्याहून वडील. त्यांनी चष्मा लावून पाने उलटली. समासात पात्रांपुढे नटांची नावे होती. त्यांच्या आजोबांकडे अर्जुनाचे काम होते, आमच्या आजोबांकडे सुभद्रेचे. खरवडलेल्या जागेवर अण्णांनी बोट फिरवले आणि विचारले, “प्रयोग झाला होता का हो?” आम्हाला ठाऊक नव्हते.

वही त्यांच्याकडे ठेवून आलो. घरी आल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी पहिला प्रश्न केला, पोच घेतलीत का म्हणून.