कानाची पाळी आणि तळटीप

मैफलीत गवयाच्या तोंडी गुरूचं नाव आलं की हात आपसूक कानाच्या पाळीकडे जातो. हे लहानपणापासून पाहत आले होते. पण संगीत विभागात पीएच.डी.ला नाव घातलं, कोर्सवर्कच्या वर्गात संदर्भ कसे द्यायचे ते शिकायला बसले, तेव्हा प्रथमच वाटलं, अरे, ही तर आमची तळटीपच. जे गातोय ते माझं नाही, अमक्यांचं आहे, एवढं कबूल करायचं आणि पुढच्या आवर्तनाकडे वळायचं. मात्र कानाच्या पाळीवर पृष्ठक्रमांक नसतो, आणि विद्यापीठाला तोच हवा असतो.

तालमीत नक्कल हीच साधना. गुरुजींची मींड जशी मध्यमावरून सुटते तशीच आपली सुटावी म्हणून वर्षं द्यायची. कुणी म्हणालं, “डोळे मिटले तर बुवाच गातायत असं वाटलं,” की पुढचे चार दिवस पाय जमिनीला लागत नाहीत. इकडे प्रबंध आधी संगणकाला वाचायला द्यायचा आणि किती मजकूर कुणाशी जुळतो ते तो सांगणार. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ. माझं गाणं त्या यंत्रातून काढलं तर दहा टक्के निघतील, पण ते माझे म्हणून. तेही यंत्र दयाळू असेल तर.

या पेचात मला संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी फार करमणूक पुरवली. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी ‘चतुर पंडित’ या नावानं लिहिला. मग मराठीत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ लिहायला घेतली ती ‘विष्णुशर्मा’ होऊन, आणि तिच्यात आधार दिले चतुर पंडितांचे! आजच्या संशोधन समितीपुढे हे प्रकरण गेलं असतं तर काय झालं असतं, या कल्पनेत मी ग्रंथालयातली एक अख्खी दुपार घालवली आहे. पण माणूस वकील होता, पुरावा मागणारा. १९०४ मध्ये ते दक्षिणेत हिंडले, थेट एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितारांपर्यंत गेले. भेटेल त्या पंडिताला त्यांचे प्रश्न ठरलेले: ग्रंथ कोणता, आणि त्यात लिहिलंय तसं आज कुणी गातं का? त्यांनी बंदिशी कशा मिळवल्या याबद्दल घराण्यांमध्ये अजून कुरकुर चालते, आणि ती सगळीच खोटी नसावी. तरीही हे दोन प्रश्न एका दमात विचारायचे असतात, हे मला कुठल्याही संशोधनपद्धतीच्या पुस्तकापेक्षा त्यांच्यामुळे नीट कळलं.

खरी गंमत सुरू झाली ती तबकड्यांपाशी. जुन्या गायिकांच्या लयीवर एक प्रकरण लिहायचं होतं. जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, असं आपण सरसकट म्हणतो. पण विजेवरचं ध्वनिमुद्रण येण्याआधीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर कापलेल्या असतीलच असं नाही. ७२ वर कापलेली तबकडी ७८ वर लावली तर लय आठ टक्क्यांनी वाढते आणि काळी एकमधला षड्ज पांढरी दोनच्याही वर चढून बसतो. म्हणजे ‘काय दाणेदार, काय वेगवान तान होती त्या पिढीची’ असं आपण मान डोलावत म्हणतो, त्यात गळ्याचा भाग किती आणि यंत्राचा किती? मग षड्ज शोधायचा. त्याच गायिकेची पुढच्या काळातली ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवायची, जुन्या साथीदारांच्या शिष्यांना पट्टी विचारायची, हार्मोनियमचा सूर कुठे लागतो ते पाहायचं. आणि कान द्यायचा तो शेवटच्या घोषणेकडे. गौहर जानची १९०२ ची कोलकात्याची ध्वनिमुद्रणं घ्या. छपाई जर्मनीत हॅनोवरला व्हायची. तिथल्या कारागिरांना ही कुणाची तबकडी ते कळावं म्हणून गाणं संपताना ती स्वतःचं नाव इंग्रजीत सांगते. रसिक त्या वाक्यावर खूश असतात. मला ते मोजमापाला उपयोगी पडलं. गाणाऱ्या गळ्याबाबत वेग फसवतो, बोलणारा आवाज तितका फसवत नाही. तो चिरका न वाटता बाईमाणसाचा वाटेपर्यंत वेग हळूहळू उतरवत न्यायचा. हे करताना आलेख नाही, सूत्र नाही. तोच कान, जो गुरुजींनी तंबोरा जुळवायला लावून घडवला.

आलेख नंतर आला. सॉनिक व्हिज्युअलायझर या सॉफ्टवेअरमध्ये दरबारी रागाचं ध्वनिमुद्रण टाकलं आणि गांधार पडद्यावर उमटला. तो बिंदू नव्हताच, वरखाली हेलकावणारी रेघ होती. जैरजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ मध्येच उत्तरेच्या गायकवादकांचे स्वर मोजून दाखवलं होतं की ते ग्रंथातल्या श्रुतींच्या हिशेबात बसत नाहीत. मी मोठ्या उत्साहानं छापील आलेख गुरुजींकडे नेला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. “छान आहे,” म्हणाले. “पण हा झुलतोय. आंदोलन घे म्हणतो तेव्हा तू पण असंच झुलतेस. गांधार रिषभाच्या ओढीनं हलतो गं. ती ओढ कुठल्या रेघेत आहे ते दाखव.”

हे वाक्य प्रबंधात हवंच होतं. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, अवश्य घ्या, ‘व्यक्तिगत संभाषण’ अशी टीप द्या, तारीख टाका. त्या दिवसाची तारीख होती. पण रिषभाची ओढ गुरुजी मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून सांगत आलेत, कधी शब्दांत, बऱ्याचदा नुसते गाऊन. ते त्यांना त्यांच्या गुरूंनी सांगितलं, त्यांना आणखी कुणी. यांतली कोणती तारीख लिहायची? मॅडमनी थोडा विचार केला आणि त्या दिवसाचीच टाकायला सांगितली. नियमावलीत दुसरा रकाना नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच टिपेवर बोट ठेवलं. याला दुजोरा काय, म्हणाले. मी गांधार गाऊन दाखवला, एकदा नुसता झुलवत, एकदा रिषभाच्या ओढीनं. दोन्हींतला फरक त्यांना ऐकू आला असावा, कारण त्यांनी मान हलवली. मग पेनाचं टोपण काढत म्हणाले, “उत्तम. हे दोन्ही रेकॉर्ड करून परिशिष्टात जोडा. गायक कोण, स्थळ, दिनांक, सगळं लिहा. आणि हो, षड्ज कोणता ते विसरू नका.”