एक दिसते, चार गुप्त

काशीतल्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की समोर नदी एकच दिसते, ती गंगा. काशीखंड मात्र सांगतं की इथे पाच नद्यांचा संगम आहे: गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा. यमुना आणि सरस्वती प्रयागलाच गंगेला मिळालेल्या, त्या तिच्या पोटातूनच इथवर येतात. किरणा म्हणजे या काठी तप करणाऱ्या सूर्याचा घाम. धूतपापा ही ऋषिकन्या. शापाने ती चंद्रकांत शिळा झाली आणि चंद्र उगवल्यावर पाझरून नदी झाली. आज या दोघींचा ओहोळसुद्धा कुठे दिसत नाही.

आपल्या कोल्हापूरच्या पंचगंगेतही एक गुप्त नदी आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती डोळ्यांना दिसतात, पाचवी सरस्वती मानायची. काशीत हा हिशेब उलटा होतो. एक दिसते आणि चार गुप्त. या घाटाचा सगळा स्वभाव मला या उलट्या हिशेबात सापडतो. इथे नजरेआड गेलेलं फार आहे, आणि माणसं त्याच्याशीच रोजचा व्यवहार ठेवून आहेत.

काशीच्या पंचतीर्थी यात्रेत अस्सी, दशाश्वमेध आणि आदिकेशव झाले की पंचगंगेचं स्नान येतं, मग मणिकर्णिकेवर यात्रा पुरी होते. माघात प्रयाग तसं कार्तिकात पंचगंगा, अशी या तीर्थाची थोरवी. इथला देव बिंदुमाधव. अग्निबिंदू नावाच्या ऋषीने विष्णूला या काठी कायमचं राहायची विनंती केली. विष्णूने ती मानली आणि भक्ताचं अर्धं नाव आपल्या नावाला जोडून घेतलं. फ्रेंच प्रवासी तावेर्निये 1665 मध्ये काशीला आला, तेव्हा बिंदुमाधवाचं भव्य देऊळ उभं होतं. चारी दिशांना सारख्या भुजा पसरलेल्या त्या देवळाचं त्याने बारकाईने वर्णन केलं आहे. पुढे काही वर्षांतच औरंगजेबाच्या काळात ते पाडलं गेलं आणि त्या जागी आलमगीर मशीद उभी राहिली.

तिचे दोन उंच मिनार पुढे काशीची ओळख बनले. नदीतून काढलेल्या जुन्या चित्रांत बहुतेक ते दिसतातच. 1820 च्या दशकात इंग्रज अधिकारी जेम्स प्रिन्सेपने त्यांची डागडुजी करून घेतली. काशीकर त्यांना ‘माधवराय का धरहरा’ म्हणत आले. देऊळ गेलं, पण देवाचं नाव लोकांनी हलू दिलं नाही. जे समोर उभं राहिलं त्यालाच ते देऊन टाकलं. 1948 मध्ये त्यातला एक मिनार कोसळला आणि दुसराही धोक्याचा म्हणून उतरवला. आता देऊळ नाही आणि मिनारही नाहीत. उरलं आहे ते नाव.

बिंदुमाधव मात्र काठ सोडून गेला नाही. मशिदीजवळच, गल्लीतल्या एका वाड्यासारख्या इमारतीत त्याचं आजचं देऊळ आहे. ते बांधलं औंधच्या पंतप्रतिनिधींनी. सातारा भागातल्या एका संस्थानिकाने काशीच्या विस्थापित देवाला घर द्यावं, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये. घाटाच्या बांधकामातही मराठी हात आहेत. 1735 च्या सुमारास पहिल्या बाजीरावाच्या काळात सदाशिव नाईकांच्या देखरेखीखाली काशीच्या घाटांची कामं झाली, त्यांत हा घाट होता. त्याच साली बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेला निघाल्या होत्या. विश्वनाथाचं देऊळ 1780 मध्ये पुन्हा उभारणाऱ्या अहिल्याबाईंनी या घाटाला दगडी दीपस्तंभ दिला. शेजारचे दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट तर मराठी वस्तीचेच. अजूनही तिथल्या गल्ल्यांत मराठी आडनावं भेटतात, आणि काही घरांत मराठी बोललीही जाते, बनारसीचा हेल घेऊन. घाटावरच्या मंगलागौरीचं दर्शन घेताना श्रावणातल्या मंगळवारी जागवलेली मंगळागौर आठवते आणि काशी एकदम माहेरच्या अंगणात येते.

याच पायऱ्यांवर पहाटेच्या अंधारात कबीर आडवा झाला, असं सांगतात. स्नानाला निघालेल्या रामानंदांचा पाय त्याला लागला, त्यांच्या तोंडून ‘राम राम’ निघालं आणि कबीराने तोच गुरुमंत्र मानला. रामानंदांचा श्रीमठ आजही घाटावर आहे. गंगेने एकेका श्लोकाला एकेक पायरी चढत जगन्नाथ पंडितांपर्यंत यावं, ही गंगालहरीची दंतकथाही इथलीच. ज्येष्ठातल्या दशहऱ्याला नाशिक-वाईच्या घाटांवर गंगालहरी म्हणणाऱ्यांना ही जागा न पाहताही ठाऊक असते. त्रैलंग स्वामी इथेच राहिले आणि 1887 मध्ये इथेच त्यांनी देह ठेवला. जवळच्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षं रियाज करत. गुरू, कवी, योगी, शहनाईवादक असे किती जण या एका उतारावर! त्यांपैकी कुणी आज भेटत नाही, तरी त्यांच्यावाचून हा घाट पुरा होत नाही.

पैठणचे एकनाथ काशीत होते. एकनाथी भागवत इथे पुरं झालं, शके 1495 च्या, म्हणजे 1573 च्या कार्तिकी पौर्णिमेला. प्राकृतात भागवत लिहिलं म्हणून काशीच्या पंडितांनी आधी हरकत घेतली आणि मग ग्रंथाचा गौरव केला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कार्तिकी पौर्णिमा म्हणजे पंचगंगेचा सर्वांत मोठा दिवस. तेव्हाही काठावर कार्तिकस्नानाची गर्दी असणार. त्या गर्दीच्या शहरात मराठी भाषेने आपला एक मोठा ग्रंथ हातावेगळा केला, हे आठवलं की या पायऱ्यांवर ऊर भरून येतो.

कार्तिकात संध्याकाळी इथे यावं. पायऱ्यांच्या वर उंच बांबू रोवलेले असतात. प्रत्येकाच्या टोकाशी दोरीवर वेताची एक परडी. माणूस परडी खाली घेतो, आतल्या मातीच्या पणतीत तेल घालतो, वात पुढे सारतो आणि ती पेटवतो. वारा लागू नये म्हणून क्षणभर तळहात आड धरतो. मग दोरी हळूहळू ओढत परडी वर चढवतो. वेताच्या विणीतून प्रकाशाचे ठिपके पडतात आणि वर जाता जाता लहान होत जातात. हे आकाशदीप गेलेल्या माणसांसाठी असतात, त्यांना वाट दिसावी म्हणून. दिवाळीत आपण खिडकीत आकाशकंदील टांगतो तेव्हा त्यामागचं हे कारण बहुधा मनात नसतं. पंचगंगेवर ते अजून जागं आहे.

पौर्णिमेच्या रात्री अहिल्याबाईंचा दीपस्तंभ, तो ‘हजारा’, तळापासून शेंड्यापर्यंत उजळतो. आज देवदीपावलीला काशीचे सगळे घाट दिव्यांनी भरतात आणि लाखो माणसं येतात. त्या उत्सवाचं आजचं रूप 1980 च्या दशकात याच घाटावर काही पणत्यांनी सुरू झालं. बाकीच्या काठावर तो सोहळा असेल, पंचगंगेवर ते घरचं कार्य आहे.

बहुतेक यात्रेकरू दशाश्वमेधाची आरती आणि विश्वनाथाचं दर्शन करून परततात. मराठी माणसाने तेवढ्यावर परतू नये. मणिकर्णिकेच्या पुढे उत्तरेला यावं, उभ्या चढाच्या पायऱ्या चढून बिंदुमाधवापुढे हात जोडावेत. तिथे आपल्या पूर्वजांनी बांधलेलं घर आहे, आणि पाडलेल्या देवळाचा राग उगाळत बसण्यापेक्षा देवाला नवं छप्पर देणं हा त्यांचा स्वभावही आहे. कोणतंही बांधकाम शेवटी पडतं, हे त्यांना ठाऊक असणार. तरीही त्यांनी दगड घडवले, दीपस्तंभ उभारला आणि दिव्यात तेल घालायची रीत मागे ठेवली. चार नद्या न दिसताही पंचगंगा हे नाव टिकलं, कारण रोज कुणीतरी त्या आहेत असं धरून स्नान करत आलं. आपल्या वारशाचंही तसंच आहे. तो आहे असं धरून कुणीतरी रोज काहीतरी करत राहिलं, तरच तो असतो.