झोपेचे सोंग

झोपलेल्या माणसाला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला करता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. आमच्या घरातल्या संगणकाचे सोंग मात्र उलट जातीचे आहे. तो झोपलेला असतो आणि पुरता मिटल्याचे सोंग करतो. या सोंगाचे काय करावे, यावर गेले पंधरा दिवस आमच्या घरात चर्चा चालली होती.

संगणकाच्या विश्रांतीचे तीन प्रकार आहेत. पहिला डुलकीचा. पडदा काळा होतो, पण हातातले काम तात्पुरत्या स्मृतीत तसेच राहते आणि ती जपण्यासाठी थोडी वीज लागतच राहते. वीज तुटली की स्मृती गेली! दुसरा हायबरनेशनचा, म्हणजे शीतनिद्रेचा. यात यंत्र उघडे असलेले सारे कागद, अर्धवट वाक्यासकट, डिस्कवरच्या एका मोठ्या फायलीत उतरवून ठेवते आणि मग खुशाल वीज सोडून देते. चार दिवसांनी जागे केले तरी वाक्य थांबले होते तिथेच सापडते. आषाढी एकादशीला निजलेले श्रीविष्णू कार्तिकी एकादशीला उठतात, ते काही मागचे जग विसरून उठत नाहीत. त्यातलाच हा प्रकार. तिसरा शट डाऊन. सगळे आवरून दिवा मालवायचा.

गोम आहे ती या तिसऱ्यातच. २०१२ साली विंडोज ८ आले आणि त्याच्याबरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असली म्हणजे शट डाऊन केल्यावर आपले कागद खरोखरच मिटतात. पण यंत्रणेचा गाभा आणि निरनिराळी उपकरणे चालवणारे ड्रायव्हर यांची अवस्था त्या शीतनिद्रेच्या फायलीत जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी गाभा नव्याने न उभारता ती फाईल वाचली जाते, म्हणून यंत्र लवकर उठते. मौज अशी की ‘रीस्टार्ट’ केले तर मात्र ते खरोखरच सारे विसरून नव्याने उभे राहते. रात्रभर बंद राहिलेल्या यंत्रापेक्षा क्षणभर बंद झालेले यंत्र अधिक ताजे!

आता तुम्ही म्हणाल, यंत्र कसे का झोपेना, प्राध्यापकमहाशयांचे त्यात काय गेले? सांगतो. आमच्या कन्येने कॉलेजच्या अभ्यासासाठी याच संगणकावर विंडोजच्या शेजारी लिनक्सचे बिऱ्हाड थाटले आहे. दोन्ही बिऱ्हाडांत मिळून सामानाचा एक कप्पा आहे आणि त्या कप्प्यात माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. आई आता एक्क्याऐंशी वर्षांची आहे. कधी एखादी ओवी अचानक आठवते, कधी पहिली ओळ आठवते आणि दुसरी ओठांवर येता येता विरते. ज्या क्षणी आठवेल त्या क्षणी टिपून घ्यावी लागते. आतापर्यंत साडेतीनशे जमल्या. त्यांची प्रत पेनड्राइव्हवर आहे. पण रोजची भर पडते ती या कप्प्यातच.

एका संध्याकाळी आईला ओवी आठवली, तेव्हा यंत्रावर लिनक्स चालू होते. कप्पा उघडला, पण त्यात लिहिता येईना. कन्या म्हणाली, “बाबा, विंडोज पूर्ण बंद झालेलंच नाही. या कप्प्यावर त्याचा अजून हक्क आहे. आपण जबरदस्तीनं लिहिलं, तर उठल्यावर ते आपल्या जुन्या नोंदींवर विसंबेल आणि फायली बिघडतील.” ओवी मी वर्तमानपत्राच्या समासात उतरवून घेतली.

कन्येचे मत पडले की दोन्ही सोयी काढून टाकाव्यात. एका आज्ञेने ते होते, आणि आमच्या १६ जीबी स्मृतीसाठी त्या फायलीने अडवलेली सुमारे साडेसहा जीबी जागाही मोकळी होते. “अहो, असं काही करू नका,” सौभाग्यवती म्हणाल्या. त्यांच्या सोसायटीच्या हिशेबाचे पाच-सहा तक्ते उघडे असतात. पाहुणा आला की त्या यंत्राला शीतनिद्रा देतात आणि पाहुणा गेल्यावर त्याच रकान्यापासून पुढे चालू लागतात.

दोघींचेही खरे होते. मी घड्याळ लावून पाहिले: फास्ट स्टार्टअप असताना यंत्र ११ सेकंदांत उठते, नसताना १९. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हा फरक मोठा असतो. आमच्या एसएसडीवर तो ८ सेकंदांचा. आठ सेकंदांसाठी एक ओवी दाराबाहेर उभी ठेवायची? मी पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढली आणि शीतनिद्रा ठेवली. घरात नियम केला: लिनक्सच्या बिऱ्हाडी जायचे असेल, तर विंडोजला शीतनिद्रा न देता शट डाऊन करूनच निघायचे.

निजणे वाईट नाही, मिटणेही वाईट नाही. निजलो आहोत की मिटलो आहोत, हे शेजाऱ्याला नीट कळले म्हणजे झाले. अर्धे मिटलेले भांडण, अर्धे सोडलेले घर, अर्धा दिलेला हक्क यांनीच तर संसारात किती कप्पे अडून राहतात!

काल आईला आणखी दोन ओव्या आठवल्या. दळण संपले की ती जात्याभोवतीचे पीठ कुंच्याने कसे झाडून घेई, तेही सांगत होती. मी टिपून घेत होतो. यंत्रावर लिनक्स चालू होते, आणि कप्पा उघडा होता.