चाड्यावरची मूठ

माय म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. जन्म निजामाच्या राज्यातला, तारीख कुठंच नोंदलेली नाही. पोलीस ॲक्शन झाली, म्हणजे सप्टेंबर १९४८, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात लग्न होऊन ती औसा तालुक्यातल्या आमच्या गावात आली, एवढं सांगायची. त्या हिशेबानं गेली तेव्हा नव्वदीला टेकली होती. त्यातली सत्तरच्या वर वर्षं तिनं एकाच काळ्या रानात काढली.

मायची मूठ शिवारात नावाजलेली होती. रब्बी ज्वारीची पेरणी निघाली की बापू, म्हणजे आजोबा, बैल हाकायचे आणि तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाडग्यावर, माय. ओटीत बियाणं, पाठीला लेकरू बांधलेलं. लोक बापूंच्या सरळ तासांचं कौतुक करायचे, पण पीक ठरायचं ते चाड्यावर. मूठ सैल पडली की दाट उगवतं आणि ताटं बारीक राहतात. आखडली की तासात नांग्या पडतात. बैलाची चाल बदलली तरी दाण्याची धार बदलता कामा नये. मला तिनं हे अंगणात शिकवलं. मालदांडी ज्वारीचे दाणे माझ्या मुठीत भरायची, अंगठा पहिल्या बोटावर ठेवायला लावायची आणि म्हणायची, "दाबू नको रं लेकरा, नुसतं चालू दे." माझ्या मुठीतून दाणे भसकन सांडायचे. तिच्या हातातून एकामागून एक, एका धारेनं उतरायचे. अंगठ्याची ती बाजू घासून इतकी गुळगुळीत झाली होती की रेघाच उरल्या नव्हत्या. पुढं आधार कार्ड काढायची वेळ आली तेव्हा मशिनवर तिचे ठसे उठेनात. मला त्या दिवशी तिचा फार अभिमान वाटला होता.

बहात्तरचा दुष्काळ आमच्या घरात मायच्या तोंडूनच राहिला. विहिरी आटल्या, जनावरं विकली आणि ती पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहायला गेली. कामावर सुकडी मिळायची, ती पदरात बांधून घरी लेकरांसाठी आणायची. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी होती. तिची भाकरी थापताना चिरायची आणि घशाखाली उतरायची नाही. पण घरात, उतरंडीच्या तळच्या मडक्यात, राखेत घोळून ठेवलेली मालदांडी होती. उभ्या पिकात फिरून, कणसं निवडून धरलेलं बियाणं. लेकरं उपाशी निजली तेव्हा बापूच म्हणाले, दळून आण. ती उठली नाही. "बी खाल्लं तर पुढच्या साली काय पेरावं, माती?" पुढच्या साली पाऊस झाला आणि गावात ज्या मोजक्या घरांकडं स्वतःचं बियाणं होतं, त्यातलं एक आमचं होतं. शेजारच्या दोन घरांना तिनं पायलीपायलीनं दिलं. दुष्काळाच्या त्या कामांतूनच पुढं रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला, हे मी पुस्तकात वाचलं. पाट्या कुणी वाहिल्या ते मला घरीच कळलं होतं.

नातवंडांवर तिचा जीव किती, हे येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, दिसायचं. त्या दिवशी आमच्या लातूर-धाराशिवकडं सगळा गाव रानात जातो. माय आदल्या रात्री निजायचीच नाही. तूर, हरभरा, वाल, वाटाणा सोलून बेसनात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यात मुरलेलं अंबील. पहाटे अंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन ती पुढं आणि आम्ही पोरं मागं. कडब्याच्या कोपीत चुना लावलेल्या दगडांचे पाच पांडव मांडायचे, पूजा व्हायची, मग पंगत. वाट चुकलेला कुणीही त्या पंगतीला बसायचा. पुण्याहून उशिरा पोचणाऱ्या नातवंडाची भज्जी ती झाकून ठेवायची, आणि तो जेवल्याशिवाय तिच्या तोंडात घास जायचा नाही. गुडघे गेल्यावरही बैलगाडीत बसून ती रानात आली. शेवटच्या वर्षी चुलत भावानं मोटारसायकलवर पुढं बसवून आणली.

एवढं सगळं करूनही सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं. जमीन बापूंची, राबणूक दोघांची. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, नवऱ्यांनी थोडी तरी जमीन बायकोच्या नावे करावी म्हणून. कित्येक गावांत ती झाली, आमच्या गावापर्यंत ते वारं आलं नाही. बापू गेले तेव्हा वारस नोंदीत, मुलांमुलींच्या ओळीत, तिचं नाव पहिल्यांदा लागलं. पुढं वाटणी निघाली. कुणीतरी सुचवलं की म्हातारीला आता जमीन कशाला, हक्कसोड करून घ्या. माय कधी मुलांपुढं आवाज चढवायची नाही, त्या दिवशीही चढवला नाही. "मी मेल्यावर काढा माझं नाव. तवर राहू द्या," एवढंच बोलली. वडिलांनी कागद घडी करून खिशात घातला आणि तो विषय परत निघाला नाही.

तिचं नाव लागलेला सातबाऱ्याचा उतारा तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत, लग्नातल्या लुगड्याखाली ठेवला होता. वाचता येत नव्हतं. पण नातींपैकी कुणी सुट्टीला आलं की तो काढायला लावायची आणि आपलं नाव कुठल्या ओळीत आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगायची. ती रेघ तिला तोंडपाठ झाली होती.

आपल्या घरात आई, आजी, बायको रानात राबत असेल तर नवरा हयात असतानाच तिचं नाव सातबाऱ्यावर लावून घ्या. त्यासाठी तिच्या कपाळाचं कुंकू पुसायची वाट बघू नका.